तंबू चिकट का होतो, गळतो कुठून आणि दुरुस्त कसा करायचा

मे संपत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजवे बघायला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते आणि घरोघरी माळ्यावरचे तंबू खाली उतरतात. त्यांतले काही पिशवीतून काढतानाच कळतं की काहीतरी बिनसलंय. कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, ओढल्या की चर्र आवाज येतो, हाताला चिकट लागतं आणि आंबट, ओकारीसारखा वास सुटतो. कधी आतल्या बाजूने पांढरट पापुद्रे गळतात. तंबू जेमतेम दोन-चार वेळा वापरलेला असतो, कुठे फाटलेलाही नसतो. मालच खराब निघाला असं म्हणत मालक तो भंगारात देऊन टाकतो.

यात मालाचा दोष असतो, पण थोडा. मोठा दोष साठवणीचा. गडावरच्या वाऱ्याने फाटून संपलेले तंबू मी कमी पाहिले आहेत. घरात, बंद पिशवीत, ओलसर राहून संपलेले खूप पाहिले आहेत. असं का होतं ते समजून घेतलं की तंबूची निम्मी निगा आपोआप कळते. उरलेली निम्मी दुरुस्तीची आहे, आणि ती आपल्या गावातल्या बॅगवाल्याकडे, छत्रीवाल्याकडे आणि हार्डवेअरच्या दुकानात होण्यासारखी आहे.

कापडावर काय काय असतं

तंबूचं कापड नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं. हे दोन्ही धागे पाण्याने कुजत नाहीत. पण नुसतं विणलेलं कापड पाणी अडवूही शकत नाही, कारण धाग्यांच्या मधे फटी असतात. पाणी अडवतो तो कापडावर दिलेला पातळ लेप. बहुतेक तंबूंना हा लेप आतल्या बाजूने दिलेला असतो आणि तो पॉलीयुरेथेनचा असतो. हलक्या, महागड्या तंबूंना दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असतो. शिवाय कापडाच्या बाहेरच्या अंगाला पाणी झटकून टाकणारा एक मुलामा असतो. नव्या तंबूवर पावसाचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात ते त्याच्यामुळे.

हा वरचा मुलामा सगळ्यांत आधी झिजतो. मग कापड बाहेरून भिजलेलं दिसतं, गडद होतं, जड होतं, आणि माणसं म्हणतात तंबू गळायला लागला. तसं नसतं. आतला लेप शाबूत असेल तर पाणी आत येत नाही. बाहेरचा मुलामा फवाऱ्याच्या बाटलीतून पुन्हा देता येतो. धुतलेल्या, स्वच्छ कापडावर दिला तरच तो धरतो.

तंबूच्या पिशवीवर २००० मिमी, ३००० मिमी असे आकडे असतात. आपल्याकडे मिलिमीटर म्हटलं की पर्जन्यमान डोळ्यांसमोर येतं. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस पडतो, मग ३००० मिमीचा तंबू तिथे कसा चालेल, अशी शंका अगदी स्वाभाविक आहे. पण हा आकडा पावसाचा नाही, दाबाचा आहे. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरतात आणि त्याची उंची वाढवत नेतात. कितव्या मिलिमीटरला थेंब पलीकडे झिरपले, तो हा आकडा. ताणून बसवलेल्या कापडावर पावसाच्या थेंबांचा दाब त्या मानाने फार नसतो, त्यामुळे वरच्या कव्हराला १५०० ते ३००० मिमी पुरतात.

जमिनीचं गणित निराळं. ७० किलोचा माणूस गुडघे टेकून बसला आणि दोन्ही गुडघ्यांखालची जागा मिळून १०० चौरस सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरवर ७०० ग्रॅम भार आला. हा ७ मीटर, म्हणजे ७००० मिमी उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब झाला. खाली चिखल असेल तर ३००० मिमीचं कापड गुडघ्याखाली ओलं होणारच. म्हणून तंबूखाली वेगळं अंथरूण लागतं, आणि म्हणूनच तळाचा लेप इतर भागांपेक्षा लवकर दमतो.

लेप चिकट होतो म्हणजे काय होतं

पॉलीयुरेथेन म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या तंबूंत वापरतात त्या जातीच्या पॉलीयुरेथेनमधले काही दुवे पाण्याला बळी पडतात. पाण्याचा रेणू त्या दुव्यात शिरतो आणि साखळी तोडतो. ही क्रिया थंडीत अगदी हळू चालते आणि उष्णतेत झपाट्याने. साखळी तुटताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वाढवतं. म्हणजे एकदा सुरुवात झाली की वेग वाढतच जातो. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की घट्ट लेपाचं मऊ, चिकट काहीतरी होतं, आणि नंतर ते पापुद्र्यांनी सुटतं.

बऱ्याच दिवसांनी कपाटातून काढलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचा तळ पहिल्याच चढाला भुगा होऊन निघतो, ते तुम्ही पाहिलं असेल. तळातला मधला मऊ थर पुष्कळदा पॉलीयुरेथेनचा असतो, आणि तिथेही हेच घडलेलं असतं.

आता मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथल्या पावसाळ्याचा विचार करा. हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर. त्यात स्लॅबखालचा माळा किंवा पत्र्याखालची खोली, म्हणजे उष्णताही आली. त्यात तंबू आपल्या तंग पिशवीत, किंचित दमट, घडीवर घडी दाबून ठेवलेला. लेपाचे तुकडे पाडायला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. कोरड्या, थंड हवेच्या देशांत लिहिलेल्या सूचनांत तंबू वाळवण्यावर एखादंच वाक्य असतं. कोकणपट्टीत राहणाऱ्याने मात्र सगळी ताकद याच एका कामावर लावावी.

काही कंपन्या पाण्याला दाद न देणाऱ्या, पॉलीइथर जातीच्या पॉलीयुरेथेनचा लेप देतात. तो कितीतरी जास्त टिकतो. सिलिकॉनच्या लेपाला हा रोग होतच नाही. नवा तंबू घेताना मिमीच्या मोठ्या आकड्यापेक्षा लेप कोणत्या जातीचा आहे हे विचारणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, विशेषतः घर समुद्राजवळ असेल तर.

वाळवायचा कसा, ठेवायचा कुठे

ट्रेकहून रविवारी रात्री परतलं की अंगात त्राण नसतं आणि तंबू सॅकमध्येच राहतो. तेवढं मात्र करू नये. निदान पिशवीतून काढून सोडून तरी ठेवावा. भिजलेलं कापड उबेत बंद राहिलं तर एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. बुरशीला नायलॉन खायचं नसतं. कापडावरची माती, पानांचा रस, सांडलेला चहा आणि हळूहळू लेप यांवर ती वाढते. तिचे काळे ठिपके नंतर जात नाहीत. ब्लीच लावून ते घालवायला गेलात तर कापड आणि लेप दोन्ही खराब होतात. ठिपके राहू द्या, तंबू नीट वाळवा. वाढ तिथेच थांबते.

फ्लॅटमध्ये तंबू उभा करायला जागा नसते, त्याची गरजही नाही. वरचं कव्हर दाराच्या चौकटीवरून किंवा गॅलरीतल्या दोरीवर टाकावं, आतला तंबू दोन खुर्च्यांवर, आणि पंखा चालू ठेवावा. काही तासांनी उलटावं. पावसाळ्यात एसीची खोली असेल तर उत्तमच, कारण एसी हवेतलं पाणीही काढतो. कापडाचा मधला भाग अर्ध्या तासात कोरडा लागतो आणि माणूस फसतो. कोपरे, शिवणी, जाड पट्ट्यांचे टाके, चेनच्या कडा आणि तळाचा काठ यांत पाणी दडलेलं असतं. तिथे बोटं दाबून बघा. शंका असेल तर आणखी एक रात्र राहू द्या.

सकाळचं तासभर ऊन चालेल. दिवसभर गच्चीवर टाकून ठेवणं चालणार नाही. ते का, ते पुढे येईलच.

कोरडा झाल्यावर तंबू त्याच्या मूळ पिशवीत कोंबू नका. ती पिशवी प्रवासापुरती. घरी उशीच्या मोठ्या अभ्र्यात किंवा सुती पिशवीत सैलसर ठेवा, म्हणजे हवा खेळती राहते आणि घड्या दाबल्या जात नाहीत. माळ्यापेक्षा कपाटाचा खालचा, थंड कप्पा बरा. गाडीच्या डिकीत महिनोन् महिने ठेवू नका. दर वेळी त्याच रेषेवर घडी पडली तर लेपाला तिथे चिरा जातात, म्हणून घडी बदलत राहा. पावसाळ्याच्या मध्यावर एकदा बाहेर काढून झटकला, पंख्याखाली धरला, तर तो सगळा खटाटोप दहा मिनिटांचा असतो. आणि आत खाण्याचा कण राहू देऊ नका. शेवेच्या पुड्याच्या वासानेही उंदीर जाळी कुरतडतो.

गळतंय की घाम सुटलाय

दुरुस्तीला हात घालण्याआधी हे नक्की करून घ्या. रात्रभर माणूस श्वासातून आणि त्वचेतून बरंच पाणी बाहेर टाकतो. बाहेर गार वारा, आत उबदार दमट हवा, मधे पातळ कापड. कापडाच्या आतल्या बाजूला दव साचतं आणि वाऱ्याच्या झोताने थेंब अंगावर पडतात. डिसेंबरात पवनेकाठी किंवा हरिश्चंद्रगडावर पाऊस नसतानाही पहाटे तंबू आतून ओला असतो, तो यामुळे.

ओळखायची खूण साधी आहे. ओल सगळीकडे सारखी पसरलेली असेल तर ते दव. एखाद्या शिवणीखाली, कोपऱ्यात किंवा एकाच जागी असेल तर गळती. दवावर उपाय म्हणजे हवेला वाट देणं: वरच्या झडपा उघड्या ठेवा, दाराची चेन वरून चार बोटं उघडी राहू द्या, ओले बूट-जॅकेट झोपायच्या भागात नकोत, आणि वरचं कव्हर इतकं ताणा की ते आतल्या तंबूला टेकणार नाही. नायलॉन भिजलं की सैल पडतं. पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने, झोपण्याआधी, दोऱ्या एकदा पुन्हा ओढून घ्या. ही सवय नसल्यामुळे चांगल्या तंबूंवर गळका असल्याचा शिक्का बसतो.

शिवणी

खरी गळती बहुतेक वेळा शिवणीतून असते. शिवताना सुईने पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट. कारखान्यात या शिवणींवर आतून पारदर्शक पट्टी तापवून चिकटवतात. काही वर्षांनी तिचा गोंद मरतो आणि पट्टी सुटायला लागते. सुटलेला भाग हलक्या हाताने काढून टाका, घट्ट धरलेला राहू द्या. गोंद मेलेल्या पट्टीवर इस्त्री फिरवून काही साधत नाही, उलट कापड वितळण्याची भीती.

भरायला काय वापरायचं हे लेपावर ठरतं, आणि इथे चूक झाली तर सगळी मेहनत फुकट. तुमच्या तंबूला शिवणीवर कारखान्याची पट्टी असेल तर त्या बाजूला पॉलीयुरेथेनचा लेप आहे असं समजा, कारण सिलिकॉनवर ती पट्टी चिकटतच नाही. पट्टी मुळातच नसेल, कापड दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, निसटतं लागत असेल आणि चिकटपट्टी लावली तर लगेच सुटून येत असेल, तर तो सिलिकॉनचा तंबू.

पॉलीयुरेथेनच्या तंबूला ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारं शिवणी भरायचं पॉलीयुरेथेन द्रावण आतल्या, म्हणजे लेपाच्या बाजूने लावायचं. सिलिकॉनच्या तंबूला सिलिकॉनच लागतं, दुसरं काही धरत नाही. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक सिलिकॉनची नळी चालते. ती १०० टक्के सिलिकॉनची आहे हे नळीवर वाचून घ्या, ॲक्रिलिकची नको. काचेच्या बाटलीत थोडं सिलिकॉन आणि रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन एकत्र करा. शिवणीसाठी पातळ मधाइतकं दाट हवं. जुन्या ब्रशने बाहेरून टाक्यांत जिरवा आणि जादाचं फडक्याने पुसा. मिश्रण लवकर घट्ट होतं, म्हणून एका वेळी थोडंच करा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास आग नको. चोवीस तास वाळू द्या, मग वर टाल्कम पावडर भुरभुरवा, म्हणजे घडीत चिकटणार नाही. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने घट्ट होतं, त्यामुळे हे काम पावसाळी हवेतही छान होतं. तंबूच्या बाबतीत दमट हवेचा फायदा होणारी माझ्या माहितीतली ही एकच गोष्ट.

दोन्ही प्रकारांत आधी शिवण स्वच्छ करा. पाणी, मग फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. तेलकट हाताचा डाग राहिला की तिथे द्रावण सुटणार.

लेप पूर्ण चिकट झालेल्या तंबूचं काय? कारखान्यासारखा तो पुन्हा होत नाही, पण कामापुरता वाचवता येतो. कोमट पाण्यात भिजवून, सौम्य साबण आणि मऊ स्पंजने सुटलेला लेप खरवडून न काढता चोळून काढायचा. हट्टी भाग अल्कोहोलने. काम वेळखाऊ आहे, वास येतो, एक अख्खी दुपार जाते. उघडं कापड पूर्ण वाळलं की वर सांगितलेलं सिलिकॉन-टर्पेंटाईनचं मिश्रण, पण दुधासारखं पातळ करून, अंगभर पातळ हाताने फिरवायचं. तळाला दिलं तर तो निसरडा होतो, गादी घसरते. सुकल्यावर सिलिकॉनच्याच काही रेषा ओढल्या की घसरण थांबते. पापुद्रे अर्धेमुर्धे तसेच ठेवून वर सिलिकॉन लावू नका, तेही त्यांच्याबरोबर निघून येईल.

खोंच, भोक आणि छत्रीवाला

करवंदीच्या जाळीत अडकून लागलेली खोंच, शेकोटीच्या ठिणगीने पडलेलं भोक, तोडलेल्या कारवीच्या खुंटाने तळाला गेलेलं छिद्र. सह्याद्रीत तंबूला होणाऱ्या जखमा बहुतेक या तीन. कारवीचे तासलेले खुंट गवतात दिसत नाहीत आणि खिळ्यासारखे घुसतात, म्हणून तंबू पसरण्याआधी जागेवरून तळहात फिरवून बघावा.

चांगल्या कापडात दर काही मिलिमीटरला एक जाड धागा उभा-आडवा विणलेला असतो, चौकटी दिसतात. चीर त्या धाग्याशी अडते. म्हणून लहान भोक दिसलं की लगेच बुजवा, चौकट ओलांडायच्या आत.

डोंगरावर तात्पुरती कोणतीही मजबूत चिकटपट्टी चालते, पण तिचा गोंद उन्हाने पाघळतो आणि मागे चिकट डाग राहतो. घरी आल्यावर ती काढा, अल्कोहोलने जागा पुसा आणि तंबूदुरुस्तीची खास पट्टी लावा. ठिगळ फाटीच्या चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर मोठं हवं आणि त्याचे कोपरे गोल कापलेले हवेत; टोकदार कोपरा आधी उचकटतो. शक्य असेल तिथे आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे लावा. सपाट जमिनीवर ठेवून चमच्याच्या पाठीने घासून बसवा. सिलिकॉनच्या तंबूवर पट्टी धरणार नाही. तिथे त्याच जातीच्या कापडाचा तुकडा पातळ सिलिकॉनने चिकटवून वर पुस्तकांचं वजन ठेवायचं.

लांब फाट असेल, किंवा शिवणच उसवली असेल, तर आधी शिलाई. पावसाळ्याच्या तोंडावर नाक्यावर बसणारा छत्री दुरुस्त करणारा या कामाला शिंप्याहून योग्य, असं माझं ठाम मत आहे. पातळ, निसटणारं कापड ताणाखाली फाटणार नाही असं कसं शिवायचं, हे त्याच्या बोटांना माहीत असतं, आणि त्याच्या पोतडीत जुन्या छत्र्यांचं पॉलिस्टर-नायलॉनचं कापड असतं. त्याचं ठिगळ तंबूला झकास बसतं. फक्त दोरा पॉलिस्टरचा वापरायला सांगा. सुती दोरा ओला राहून कुजतो. सुई बारीक हवी. शिवून झालं की टाक्यांवर द्रावण लावायचं विसरू नका, नाहीतर फाट मिटते आणि गळती सुरू होते. खुंटीच्या जाड पट्ट्या तुटल्या असतील तर चांभाराकडे न्या, मेण लावलेल्या दोऱ्याचे त्याचे टाके तंबूपेक्षा जास्त टिकतात.

तळाची बारीक छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत. अंधाऱ्या खोलीत तंबूखाली टॉर्च फिरवा, प्रकाशाचे ठिपके दिसतील. प्रत्येकावर द्रावणाचा एक थेंब पुरे.

चेन

चेन लागते पण मागून उघडते, ही तक्रार सगळ्यांत जास्त, आणि यासाठी अख्खी चेन बदलायला सांगणारेही बरेच. दहातल्या नऊ वेळा दाते चांगले असतात. झिजलेला असतो तो रनर. तो दोन बाजूंचे दाते एकमेकांत दाबून बसवतो. आतून घासला की त्याची फट रुंद होते आणि दाब पुरत नाही. बारीक पकडीने रनरच्या मागच्या भागाची एक बाजू अगदी किंचित दाबा, मग दुसरी. चालवून बघा. पुन्हा किंचित. एकदम जोर केला तर रनर तुटतो.

तेवढ्याने भागलं नाही तर नवा रनर. जुन्याच्या पाठीवर ३, ५, ८ किंवा १० असा आकडा असतो, तो मापाचा. तो बॅगवाल्याला सांगा. चेनच्या शेवटाची शिवण दोन सेंटिमीटर उसवून जुना काढायचा, नवा घालायचा, टोकाला चार टाके मारायचे. काही रुपयांचं काम.

रनर झिजतो वाळूने आणि धुळीने. काशिद, गुहागर, हरमल अशा किनाऱ्यांवर तंबू लावला असेल तर परतल्यावर चेन जुन्या टूथब्रशने गोड्या पाण्यात धुवा. खोबरेल किंवा मशीनचं तेल अजिबात नको, धूळ त्यालाच चिकटते. उघडताना कापड दुसऱ्या हाताने धरा. आतून एका हाताने खेचल्यामुळे किती चेनी गेल्या असतील त्याला गणती नाही.

पोल

फायबरग्लासचा पोल लांबीत चिरतो आणि त्याची कुसं हातात घुसतात, तीही दिसत नाहीत. चीर दिसली की पट्टी घट्ट गुंडाळा आणि घरी आल्यावर तो तुकडा बदला. ७.९, ८.५, ९.५ मिमी असे व्यास असतात. अंदाजाने घेऊ नका, व्हर्नियरने मोजा. ॲल्युमिनियमचा पोल वाकतो. थोडा वाकलेला तसाच चालू द्या. जोर लावून सरळ केला की धातू त्या जागी कच्चा होतो आणि पुढच्या वाऱ्यात तिथेच तुटतो. तुटला तर वर सरकवायची नळी असते, ती तंबूच्या पिशवीतच एक ठेवलेली बरी. नळी नसली तर सरळ खुंटी बाजूने लावून पट्टीने आवळायची, एक रात्र निघते. किनाऱ्यावरून आलात तर पोलही गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी ॲल्युमिनियमला खातं.

आतली इलॅस्टिकची दोरी सैल पडली की फक्त दोरी बदलायची असते. विणीचं आवरण असलेली गोल दोरी घ्या, कपड्यांचं चपटं इलॅस्टिक चालत नाही. पोल घडी करताना मधल्या जोडापासून सुरुवात करा, म्हणजे ताण दोन्हीकडे सारखा राहतो. आणि पोल हवेत झटकून आपोआप जोडला जाऊ देऊ नका. मजा येते खरी, पण टोकांना खरचटे पडतात, आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

ऊन, दगड आणि धुणं

आता उन्हाचं. अतिनील किरण नायलॉनच्या धाग्यालाच कमकुवत करतात. पॉलिस्टर जरा जास्त तग धरतं. उंचीवर हे किरण आणखी तीव्र, म्हणून लडाख-हिमाचलातले चार दिवस इथल्या चार दिवसांहून जास्त खर्चाचे. धरणाकाठच्या कॅम्पमध्ये महिनोन् महिने उभे असलेले तंबू बघा, पावसाने नव्हे, उन्हाने विरलेले असतात. म्हणून सकाळी सामान काढलं की तंबूही उतरवा, दिवसभर रिकामा उभा ठेवू नका.

तंबूखालचं अंथरूण तंबूच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं लहान असावं. बाहेर डोकावलं तर वरून ओघळणारं पाणी त्यावर जमतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं. जुन्या फ्लेक्सचा तुकडा यासाठी उत्तम, जड असला तरी कारवीचा खुंट तो सहन करतो. आपल्या गडांवर कातळ असल्याने खुंट्या शिरत नाहीत. दोरी दगडाला बांधावी लागते. दगडाच्या धारेवर दोरी रात्रभर घासून तुटते, म्हणून मधे फडकं किंवा काटकी घाला. कोकणकड्यासारख्या जागी खालून वर येणारा वारा कापड फडफडवतो आणि ती फडफडच शिवणी उसवते. कड्यापासून मागे, आडोशाला या.

धुवायचा तर क्वचितच, मोठ्या टबात, कोमट पाण्यात, स्पंजने. वॉशिंग मशीन पिळून शिवणी ताणतं. कपड्यांच्या पावडरचा अंश कापडात राहतो आणि तो पाण्याला बोलावतो, झटकत नाही. डासांच्या मलमात डीट असेल तर हात पुसूनच खिडक्यांच्या प्लास्टिकला लावा, डीट प्लास्टिक विरघळवतं.

इतकं करूनही एक दिवस तंबू संपतोच. ओळखायचं असं: वरच्या कव्हराची फिकी पडलेली कड दोन्ही अंगठ्यांत धरून बेताने ताणा. कागदासारखी टरकली तर धागा गेला, तिथे लेप आणि ठिगळं काही कामाची नाहीत. पण बाकीचं फेकू नका. जाळीचा आतला भाग उन्हाळ्यात गच्चीवर मच्छरदाणीसारखा वापरता येतो. तळाचं कापड उन्हापासून वाचलेलं असतं, त्याची पुढच्या तंबूसाठी ठिगळं कापून ठेवा. चेनचे रनर काढून घ्या. पोलचा व्यास आणि तुकड्याची लांबी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्यालाच बांधा, ८.५ मिमीचा एकच तुकडा शोधत फिरणारा कुणी ना कुणी तुमच्या ट्रेकच्या मंडळींत असतोच.